तीन रेघा आणि एक बटण

मुलांनो, तुम्ही कधी एसटीने माळशेज घाट चढून गेला आहात का? गेला असाल, तर घाटात तुमचे कान नक्की बसले असतील. आपणच बोलतो आणि आपलाच आवाज आपल्याला लांबून, रांजणातून आल्यासारखा ऐकू येतो. मग एकदम 'टक्' होते आणि कान मोकळे होतात.

मी शेणव्याचा. लहानपणी आम्ही ओतूरला मावशीकडे जायचो तेव्हा किन्हवली, सरळगाव, टोकावडे अशी गावे मागे टाकत गाडी घाटाला लागायची. कान बसले की मी रडायला लागायचो. मग आई पिशवीतून चिंचेची गोळी काढून माझ्या तोंडात टाकायची आणि म्हणायची, "चघळ आनी गीळ. कान आपसूक उघडतील." खरेच उघडायचे! गोळीचा आणि कानाचा काय संबंध, हे कोडे मला पुष्कळ वर्षे सुटले नाही. ते सुटले २०१८ साली, आणि तेही आईमुळेच. त्याचीच ही गोष्ट.

माझी धाकटी बहीण लग्न होऊन जयपूरला गेली. आम्ही तिला अजून छकुलीच म्हणतो. त्या वर्षी तिला दुसरे बाळ होणार होते. डॉक्टरांनी तिला प्रवास करू नका असे सांगितले, म्हणून माहेरी येणे शक्य नव्हते. तेव्हा आईनेच तिकडे जायचे ठरले. आईचे गुडघे दुखतात. रेल्वेत एवढा वेळ बसणे तिला जमले नसते. म्हणून मी विमानाची दोन तिकिटे काढली, दसरा झाल्यानंतरची. आई जन्मात कधी विमानात बसली नव्हती. अंगणातून जाणारे विमान दिसले की हात डोळ्यांवर धरून बघायची, तेवढीच तिची आणि विमानाची ओळख. पण लेकीसाठी ती तयार झाली. डिंकाच्या लाडवांची तयारीसुद्धा सुरू झाली.

आणि मग ती बातमी आली.

२० सप्टेंबर २०१८ ची सकाळ. गणपतीचे दिवस होते. जेट एअरवेज या त्या वेळच्या कंपनीचे बोइंग ७३७ जातीचे विमान मुंबईहून निघाले होते. आत १६६ प्रवासी आणि ५ कर्मचारी होते. विमान वर चढत असतानाच प्रवाशांची डोकी दुखू लागली, कान ठणकू लागले. छतातून पिवळे मुखवटे खाली आले आणि लोंबू लागले. जवळजवळ तीस जणांच्या नाकातून, काहींच्या कानातून रक्त आले. वैमानिकांनी विमान माघारी वळवले आणि मुंबईला सुखरूप उतरवले. कुणाचाही जीव गेला नाही.

हे विमान कुठे चालले होते ठाऊक आहे? जयपूरला!

टीव्हीवर ती चित्रे पुन्हा पुन्हा दाखवत होते. लोंबणारे मुखवटे, नाकाला रुमाल लावलेली माणसे. आई भिंतीला टेकून बघत होती. काही बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, "मी नाय येत. तू एकटा जा नि लाडू दे तिला."

मी पुष्कळ समजावले. पण आईने एकच प्रश्न विचारला, "काय बिघडलं होतं त्या इमानाचं?"

"बिघडले काहीच नव्हते. एक बटण दाबायचे राहून गेले म्हणतात." मी बातमीत ऐकले तेवढे सांगितले.

"कसलं बटण?"

आता आली का पंचाईत! मला कुठे माहीत होते? आणि जे आपल्यालाच माहीत नाही, ते सांगून दुसऱ्याची भीती कशी घालवणार? मग मी शहापूरला कामावर गेलो की रोज थोडे थोडे वाचायला लागलो आणि रात्री आईला सांगायला लागलो. ते तुम्हालाही सांगतो.

आपल्या अंगावर हवेचे ओझे असते. समुद्रकिनाऱ्यावर, दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो. आपण या ओझ्याखालीच जन्मतो, म्हणून ते जाणवत नाही. जसजसे उंच जावे तसतशी वरची हवा कमी उरते आणि ओझे हलके होते. आपला माहुली किल्ला सुमारे २८०० फूट उंच. तिथे फारसा फरक जाणवत नाही. कळसूबाई महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. तिथे धाप जरा लवकर लागते. एव्हरेस्टवर हवेचा दाब समुद्रकाठच्या एक तृतीयांश उरतो. आणि मोठी विमाने तर एव्हरेस्टच्याही वर, ३५,००० फुटांच्या आसपास उडतात! तिथे दाब उरतो जेमतेम एक चतुर्थांश. बाहेर थंडी असते शून्याखाली ५० अंशांहून जास्त. अशा हवेत माणूस श्वास घेतो, छाती भरते, पण त्या श्वासात प्राणवायू इतका थोडा असतो की अर्ध्या ते एक मिनिटात त्याला काही सुचेनासे होते. दुखत नाही, खुपत नाही, नुसती गुंगी येते. म्हणून तर ते जास्त धोक्याचे.

मग विमानातले प्रवासी आरामात चहा कसा पितात? कारण विमान आतून फुगवलेले असते! इंजिनात शिरणारी हवा आधी जोराने दाबली जाते. त्यातलीच थोडी हवा काढून घेतात, ती फार गरम असते म्हणून थंड करतात आणि प्रवासी बसतात तिथे सोडतात. शेपटीकडे एक झडप असते. तिच्यातून जुनी हवा हळूहळू बाहेर जाते. झडप किती उघडायची ते यंत्र ठरवते. सायकलच्या ट्यूबला बारीक छिद्र आहे आणि आपण पंपाने सारखी हवा भरतो आहोत, असे समजा. जितकी जाते तितकी भरायची, की ट्यूब फुगलेलीच राहते.

तरीही आतला दाब जमिनीवर असतो तेवढा ठेवत नाहीत. कारण मग विमानाच्या पत्र्यावर आतून फार ताण येईल. साधारण ८००० फुटांवर जितका दाब असेल तितका ठेवतात. म्हणजे गंमत बघा, विमानात खुर्चीवर बसल्या बसल्या आपण कळसूबाईच्या दीडपट उंचीवर जाऊन आलेलो असतो!

इंजिनातली ही हवा आत सोडण्यासाठी वैमानिकाच्या डोक्यावरच्या फळीवर बटणे असतात. त्या दिवशी दाब राखण्यासाठी लागणारे तेच बटण चालू करायचे राहून गेले, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सांगितले. विमान वर चढत राहिले, पण आत हवा भरलीच जात नव्हती. म्हणजे बाहेरचा दाब जसा कमी होत गेला, तसाच आतलाही. नाकातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक असतात. दाब भराभर बदलला की त्या फुटू शकतात. आणि कान?

इथे मला चिंचेच्या गोळीचे कोडे सुटले. कानाच्या पडद्यामागे हवेची एक लहानशी पोकळी असते. तिथून घशापर्यंत एक बारीक नळी येते. एरवी ती मिटलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा क्षणभर उघडते आणि आतली आणि बाहेरची हवा सारखी होते. तोच तो 'टक्'! गोळी चघळली की लाळ सुटते, लाळ गिळली की नळी उघडते. सर्दीने ती नळी सुजलेली असेल तर मात्र उघडत नाही, कान ठणकतो. म्हणून विमान चढता-उतरताना तान्ह्या बाळाला दूध पाजतात. आमच्या आईला यातले शास्त्र ठाऊक नव्हते, पण उपाय पक्का ठाऊक होता.

आई सगळे ऐकून घ्यायची. मुखवट्याचेही मी सांगितले. आतला दाब फार कमी झाला, साधारण १४,००० फुटांवर असतो तितका, की मुखवटे आपोआप खाली पडतात. आपला मुखवटा आपल्याकडे ओढला की प्राणवायू सुरू होतो. त्याची पिशवी फुगली नाही तरी घाबरायचे नाही, वायू येत असतो. तो साधारण बारा-पंधरा मिनिटे पुरतो. तेवढ्या वेळात वैमानिक विमान १०,००० फुटांपर्यंत खाली आणतात. तिथे मुखवट्याशिवाय श्वास घेता येतो.

"मग तिथनं पुढं जयपूरला का नाय गेले?" आईने विचारले.

प्रश्न बरोबर होता. एक तर माणसांना डॉक्टर हवा होता आणि मुंबई जवळ होती. शिवाय मुखवट्यांतला प्राणवायू एकदा सुरू झाला की थांबवता येत नाही, तो वापरून संपतो. पुढे पुन्हा गरज पडली तर? आणि इतक्या खालून उडताना इंधनही जास्त लागते. म्हणून माघारी येणे हेच शहाणपण. माघारी फिरणे म्हणजे हरणे नव्हे बरं का! घाटात धुके दाटले की आपला एसटीवालाही गाडी थांबवतोच ना?

मुखवट्याच्या एका नियमावर मात्र आई चिडली. आधी स्वतःला लावायचा, मग शेजारच्या मुलाला. "असली कसली आई? आधी स्वतःच्या तोंडाला?"

मी म्हणालो, "अगं, अर्ध्या मिनिटात तुलाच गुंगी आली तर पोराला कोण लावणार?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हां. विहिरीत पडलेल्याला काढायचा तर आधी आपला पाय काठाव घट पायजे."

सगळे पटले, पण जायला तयार मात्र होईना. एका रात्री तिने खरी गोष्ट सांगितली. "यंत्राची भीती नाय रे मला. पण शिकलेली मानसं, एवढा पगार, नि बटन इसरतात? मग भरवसा कुनाचा धरायचा?"

आणि याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी मान खाली घातली. खाली बघता बघता माझी नजर दाराकडे गेली. आमच्या मागच्या दाराच्या आतल्या बाजूला कोळशाच्या तीन रेघा आहेत. आणि मला माझाच एक जुना अपराध आठवला.

१९९० चा मे महिना. मी सहावीची परीक्षा दिलेली होती. तुम्हाला माहीत आहे, आपल्या शहापूर तालुक्यात भातसा, तानसा अशी मोठी धरणे आहेत. त्यांचे पाणी मुंबईला जाते. पण धरणाच्या तालुक्यातच मे महिन्यात गावोगावच्या विहिरी आटतात. त्या वर्षी आमचीही आटत आली होती. आई रात्री विहिरीवर नंबर लावून बसायची. पाझरून येणारे पाणी वाटीने भरायची आणि हंडा हंडा करून आणायची. घरात एक लोखंडी पिंप होते, त्याला खाली तोटी. निजण्याआधी हातपाय धुऊन ती तोटी घट्ट बंद करणे, एवढेच माझे काम.

एका रात्री मी विसरलो. मित्राकडून आणलेले गोष्टीचे पुस्तक अर्धे राहिले होते, त्याच घाईत होतो. पहाटे आई उठली, तर पिंप रिकामे. अंगणात नुसता ओला डाग. दोन रात्रींचे पाणी गेले होते. छकुली पाच वर्षांची, तिला ताप होता. तिने प्यायला पाणी मागितले आणि घरात थेंब नव्हता.

आईने मला मारले नाही. हंडा घेतला आणि अंधारातच निघून गेली. त्या दिवशी ती ऊन चढल्यावर परत आली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. मी म्हणालो, "आई, मी मुद्दाम नाही केलं."

ती म्हणाली, "मला ठाव हाय. मुद्दाम कोन करतो? पन इसरलं तरी पानी गेलंच ना?"

मग तिने चुलीतला एक कोळसा घेतला आणि दारावर तीन रेघा ओढल्या. पहिली पाण्याची, दुसरी कोंबड्यांच्या खुराड्याची, तिसरी कंदिलाची. आईला लिहिता येत नाही. तिने सांगितले, "रोज निजताना एकेका रेघेव बोट ठेवायचं नि मोठ्यानं बोलायचं. छकुली 'हो' बोलंल तवाच पुढची."

त्या रात्रीपासून आमचा तो नेमच झाला. मी म्हणायचो, "पाणी?" छकुली अंथरुणातून टकमक बघायची, तोटीकडे खरेच नजर टाकायची आणि म्हणायची, "हो!" "कोंबड्या?" "हो!" "कंदील?" "हो!" मला आधी लाज वाटायची. एवढा मोठा मुलगा आणि असला पोरखेळ! पण पुन्हा तोटी कधी उघडी राहिली नाही.

ते आठवले आणि मी आईला म्हणालो, "आई, विमानातसुद्धा असल्या रेघा असतात!"

आणि ते खरेच आहे, मुलांनो. १९३५ च्या ३० ऑक्टोबरला अमेरिकेत राइट फील्ड येथे बोइंग कंपनीच्या एका नव्या, चार इंजिनांच्या मोठ्या विमानाची चाचणी होती. वैमानिक नावाजलेला होता. पण जमिनीवर वाऱ्याने शेपटीची पाती हलू नयेत म्हणून लावलेली कडी काढायची राहून गेली. विमान वर चढले आणि कोसळले. दोघा वैमानिकांचा त्यात अंत झाला. तेव्हा लोकांच्या ध्यानात आले की माणूस हुशार असला तरी इतक्या गोष्टी नुसत्या लक्षात ठेवू शकत नाही. मग कामांची यादी आली. आजही विमान उडण्यापूर्वी आणि उडाल्यावर ती यादी वाचतात. एक वैमानिक नाव घेतो, दुसरा डोळ्यांनी पाहून उत्तर देतो.

"मग त्यांनी वाचली नसंल नीट," आई लगेच म्हणाली.

यादी नुसती असून भागत नाही, हे खरेच. तोटीकडे न बघता छकुलीने 'हो' म्हटले असते, तर पाणी गेलेच असते. २००५ च्या ऑगस्टमध्ये सायप्रसहून अथेन्सकडे निघालेल्या एका विमानात दाबाची कळ चुकीच्या जागी राहिली होती. धोक्याचा भोंगा वाजला, पण तोच भोंगा दुसऱ्या एका चुकीसाठीही वाजत असे. वैमानिकांना वाटले ती दुसरीच चूक आहे. कळायच्या आत त्यांना गुंगी आली. १२१ माणसे गेली. पुढे त्या जातीच्या विमानांत दाबाच्या धोक्यासाठी वेगळे दिवे बसवायचे ठरले. मुंबईच्या विमानाचीही चौकशी झाली, वैमानिकांना कामावरून बाजूला ठेवले गेले. चूक झाली की ती झाकायची नाही, कशी झाली ते शोधायचे आणि दारावर आणखी एक रेघ ओढायची, ही विमानवाल्यांची रीत आहे. म्हणूनच विमानाचा प्रवास इतका सुरक्षित झाला.

आई उठली. दारापाशी जाऊन त्या पुसट रेघांवरून बोट फिरवले. मग वळून म्हणाली, "लाडवाला डिंक कमी पडतोय. शापूरवरनं घेऊन ये."

आम्ही गेलो. पहाटे आसनगावहून लोकल धरली. विमानात आई खिडकीशी बसली. पट्टा कसा लावायचा, मुखवटा कसा धरायचा हे एक ताई हातवारे करून दाखवू लागल्या. बाकीचे लोक मोबाइल बघत होते. आई एकटी टक लावून बघत होती. ताई जवळून जाऊ लागल्या तशी आईने त्यांचा हात धरला आणि विचारले, "बाय, ते हवेचं बटन झालं का?"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण त्या ताई मराठीच निघाल्या. हसल्या, आणि लगेच गंभीर होऊन म्हणाल्या, "आजी, विचारून येते हं." पुढे गेल्या, परत आल्या आणि आईच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "हो, आजी."

आईने डोळे मिटून घेतले. विमान उडाले. थोड्या वेळाने माझे कान बसले. मी काही बोललो नाही, तरी आईने पिशवीत हात घातला आणि माझ्यापुढे चिंचेची गोळी धरली. चाळिशीचा झालो होतो, पण घेतली. चघळली. गिळली. टक्!

जयपूरला छकुली दारातच उभी होती. पंधरा दिवसांनी तिला मुलगी झाली. ती मुलगी आता शाळेत जाते. सुट्टीत शेणव्याला आली की रात्री निजताना मागच्या दारापाशी जाऊन उभी राहते आणि मोठ्याने विचारते, "पाणी?"

घरात आता नळ आला आहे. कंदील माळ्यावर पडून आहे. तरीही आम्ही सगळे तोटीकडे खरेच नजर टाकतो, आणि मगच म्हणतो, "हो!"